मैफिलींच्या जुन्या कॅसेट संगणकावर घेताना मूळ पट्टी कशी ओळखायची?

मंद्रसप्तक

शास्त्रीय संगीताच्या कॅसेटची दोन खोकी संगणकावर घ्यायची आहेत. साधारण १९७५ ते १९९० मधल्या. काही मैफिली सवाई गंधर्व महोत्सवात आणि गणेशोत्सवांत श्रोत्यांत बसून छोट्या मोनो टेपरेकॉर्डरवर टिपलेल्या, काही आकाशवाणीवरून घेतलेल्या, तर काही दुसऱ्याच्या कॅसेटवरून उतरवलेल्या प्रती. सोबत ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) थोड्या तबकड्या आहेत, नाट्यसंगीत आणि ख्याल अशा दोन्ही.

अडचणी अशा. एकाच गायकाचा आवाज एका कॅसेटवर भरदार आणि दुसरीवर चक्क अर्धी-पाऊण पट्टी (सुराची उंची) चढलेला. एका कॅसेटवर तर विलंबित सुरू होताना एक सा आणि द्रुत संपताना वेगळाच. बऱ्याच कॅसेट गोधडीतून ऐकल्यासारख्या दबलेल्या, दोन वाजताना किंचाळतात, एक तुटलेली आहे आणि काहींच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसते.

डेक कोणता घ्यावा, आधी काय करावं, पट्टी कशी ठरवावी, हिस (टेपची सततची सूं-सूं) किती काढावा? बाजारात मिळणारे यूएसबी कॅसेट प्लेअर चालतील का?

---

जवारी

यूएसबीवाले स्वस्त प्लेअर घेऊ नका. त्यांच्या मोटरचा वेग डळमळतो आणि लांबवलेला षड्ज थरथरतो. पातळीही बहुतेकांत आपोआप ठरते, म्हणून आलाप मोठा आणि तबला आला की सगळं दबलेलं, असा उलटा प्रकार होतो. जुना पण चांगल्या कंपनीचा डेक घ्या, पट्टे नवीन घाला, लाइन आउटमधून ऑडिओ इंटरफेसच्या लाइन इनमध्ये जोडा. हेडफोनचं भोक आणि लॅपटॉपचं माइक इनपुट, दोन्ही टाळा.

कॅसेट हातात घेतली की पहिलं काम: मागच्या कडेच्या दोन्ही पाकळ्या मोडायच्या. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तर मैफील कायमची गेली, आणि जुन्या डेकवर ही बटणं शेजारीशेजारीच असतात.

हेड (टेप वाचणारा भाग) आणि कॅपस्टन (टेप ओढणारा दांडा) ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. टेप दाबून धरणाऱ्या रबरी पिंच रोलरला मात्र अल्कोहोल नको, रबर कडक होतं; सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं पुरतं. जुन्या टेपचा तपकिरी भुगा भराभर साचतो, त्यामुळे प्रत्येक बाजूनंतर काडी फिरवा.

आता दबलेला आवाज. बहुतेक वेळा टेप खराब नसते, हेडचा कोन जुळत नसतो. ज्या यंत्रावर मुद्रण झालं त्याचं हेड किंचित तिरकं होतं आणि तुमच्या डेकचं सरळ आहे, एवढाच फरक. याला अ‍ॅझिमथ म्हणतात. हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला छोटा स्क्रू असतो. कॅसेट लावा, दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोत ऐका आणि चुंबकत्व नसलेल्या स्क्रूड्रायव्हरने तो स्क्रू पाव फेऱ्याच्या आत हळूहळू फिरवा. तबल्याच्या चाटेची कडा आणि तानपुऱ्याची झणक जिथे सर्वांत स्वच्छ येते, तिथे थांबा. मोनोत ऐकणं आवश्यकच आहे, कारण कोन चुकलेला असला की दोन चॅनेलमध्ये सूक्ष्म अंतर पडतं आणि बेरजेत वरचे स्वरांश (आवाजातले तीव्र, बारीक घटक) एकमेकांना खातात. हे प्रत्येक कॅसेटला वेगळं करावं लागतं. सुरुवातीची जागा रंगाच्या टिपक्याने खूण करून ठेवा. याच एका कामाने 'टेप गेली' म्हणून बाजूला टाकलेल्या अनेक कॅसेट उठून बसतात.

डॉल्बी (डेकमधली हिस कमी करणारी सोय) बंद ठेवा. छोट्या मोनो यंत्रांत ते नसायचंच. चालू ठेवलंत तर वरचे स्वरांश नाहक कापले जातील.

किंचाळणारी कॅसेट: टेपचा गुळगुळीतपणा गेलेला असतो, नाहीतर आतला फेल्टचा दाबपट्टा घासतो. पाच स्क्रूचं चांगलं कवच विकत घ्या आणि दोन्ही चकत्या टेपसकट त्यात हलवा. कवच चिकटवलेलं असेल तर कडेने पातळ पाते सरकवून उघडावं लागेल, ते घाईचं काम नाही.

तुटलेली टेप: साध्या चिकटपट्टीने जोडू नका. तिचा डिंक उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारचे थर एकमेकांना चिकटवतो. कॅसेटसाठी अरुंद स्प्लायसिंग टेप मिळते, तीच वापरा. दोन्ही टोकं एकावर एक ठेवून एकदाच कापा, म्हणजे कोन जुळतो, आणि जोडपट्टी हेडला लागणाऱ्या बाजूला न लावता पाठीला लावा.

बुरशीची कॅसेट डेकमध्ये घालायचीच नाही. बीजाणू रोलरवर बसतात आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागतात. बंद डब्यात सिलिका जेलसोबत आठ-दहा दिवस कोरडी करा, मग घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, हाताने हळूहळू गुंडाळत मऊ कोरड्या कापडातून टेप काढा. कोकणातल्या आणि मुंबईतल्या कॅसेटना हे फार होतं. पावसाळ्यात हे काम काढू नका.

वाजवण्याआधी प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं एका जागी पडलेल्या टेपमध्ये शेजारच्या थराचा चुंबकीय ठसा उतरतो आणि शांत जागी पुढच्या तानेची पुसट चाहूल आधीच ऐकू येते. फिरवल्याने ती थोडी उतरते. सी-१२० (दोन तासांची) कॅसेट मात्र वेगाने फिरवू नका. तिची टेप सी-९० (दीड तासाच्या) पेक्षाही पातळ असते, ताणली जाते किंवा अडकते. ती साध्या वेगानेच पूर्ण वाजवा.

घेताना २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह. सी-९० ला साधारण दीड जीबी लागते. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. मैफिलीत सर्वांत मोठा आवाज गायकाचा नसतो, समेनंतरच्या टाळ्यांचा असतो, आणि त्यातही रेकॉर्डर मांडीवर ठेवणाऱ्याच्या स्वतःच्या टाळ्यांचा.

---

षड्जपंचम

वरचं सगळं मान्य. पट्टीबद्दल सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते या कामातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे आणि ती बहुतेक जण गाळतात. हिस राहिला तरी कान त्याला सरावतो. वेग पाच टक्के चढलेला असेल तर आवाजाची जात बदलते, मींड घाईत घेतल्यासारखी वाटते, विलंबिताची लय खरी राहत नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की हा गायक असाच गायचा.

हिशेब सोपा आहे. कॅसेटचा प्रमाण वेग सेकंदाला ४.७६ सेंमी. वेग सुमारे ६ टक्के चढला की पूर्ण अर्धस्वर चढतो, म्हणजे पेटीवरच्या पांढरी एकचा सा शेजारची काळी एक होऊन बसतो. अर्धस्वराचे १०० सेंट धरले तर १ टक्का म्हणजे साधारण १७ सेंट. छोट्या टेपरेकॉर्डरमध्ये ३ ते ५ टक्के चूक सर्रास असायची.

पहिला पुरावा तानपुरा. गायन सुरू होण्याआधीचा, नुसता तानपुरा असलेला १५-२० सेकंदांचा तुकडा निवडा. ऑडॅसिटीत (ध्वनी संपादनाचा प्रोग्राम) 'प्लॉट स्पेक्ट्रम' उघडा, आकार ६५५३६ ठेवा. ४८ किलोहर्ट्झवर पाऊण हर्ट्झपर्यंत बारकावा मिळतो. सा चं शिखर वाचा, शिवाय त्याच्या चौपट वारंवारतेचं शिखर वाचून चारने भागा. ते जास्त नेमकं येतं.

समजा १४५.५ हर्ट्झ आले. त्या काळात तो गायक काळी एकमध्ये गात असे हे इतर मुद्रणांवरून ठाऊक आहे. काळी एकचा खालचा सा १३८.६ हर्ट्झ. १३८.६ भागिले १४५.५ म्हणजे ०.९५३. वेग ४.७ टक्क्यांनी उतरवायचा. पण एवढ्यावर थांबू नका. गायक वयानुसार पट्टी उतरवतात, एखाद्या रात्री घसा बसलेला असतो, आणि तानपुरा दोन पट्ट्यांच्या मधेही लावला जातो. 'हे नेहमी काळी एकमध्ये गात' हा एकच आधार असेल तर तो कच्चा आहे.

दुसरा पुरावा विजेची घरघर. सभागृहाच्या ध्वनिक्षेपकातून ५० हर्ट्झची घरघर टेपवर उतरलेली असते, आणि १०० व १५० ला तिची पिलावळ असते. वरच्याच कॅसेटवर ती ५२.५, १०५ आणि १५७.५ ला दिसली तर वेग ५ टक्के चढलेला आहे, आणि तानपुऱ्याचं उत्तर त्याच्याशी जुळतं. यात दोन फसगती आहेत.

एक, तुमच्या डेकचीही स्वतःची घरघर असते आणि ती नेमकी ५० लाच येते. टेप थांबवून काही सेकंद मुद्रण करा. टेप थांबल्यावरही जी रेषा राहते ती डेकची, जी नाहीशी होते ती मैफिलीची.

दुसरी, त्या काळी आपल्याकडे विजेची वारंवारता ५० ला स्थिर नसायची. संध्याकाळच्या भारात ती ४९ च्या खालीही जायची. म्हणजे घरघरीवरून २-३ टक्क्यांपर्यंत चूक होऊ शकते, जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराची. त्यामुळे घरघर सांगते 'साधारण इथे', आणि नेमकी जागा तानपुरा आणि हार्मोनियम ठरवतात.

हार्मोनियम फार मोलाची आहे. तिचे सूर मैफिलीत बदलत नाहीत. पण तिची काळी एक बरोबर ४४० हर्ट्झच्या (आजच्या प्रमाण सुराच्या) हिशेबाचीच असेल असं धरू नका; जुन्या पेट्या वर-खाली असत. तिचा खरा उपयोग तुलनेला आहे: एकाच रात्रीच्या दोन कॅसेटवर, एकाच वादकाच्या हातची पेटी असेल, तर दोन्हींवर तोच स्वर मोजा. फरक आला तर तो टेपचाच.

आकाशवाणीच्या मुद्रणात आणखी एक गंमत सापडते. मध्यम लहरींवर शेजारच्या केंद्राची बारीक शिटी कधी कधी मिसळलेली असते. १९७८ च्या अखेरीपासून आपल्याकडे केंद्रांतलं अंतर ९ किलोहर्ट्झ आहे, म्हणून ती शिटी ९००० हर्ट्झला हवी. ती ९१८० ला दिसली तर वेग बरोबर २ टक्के चढलेला. इतका नेमका पुरावा दुसऱ्या कशातही मिळत नाही, म्हणून शिटी काढून टाकण्याआधी ती मोजा.

आता सुरुवातीचा आणि शेवटचा सा वेगळा येण्याबद्दल. मुद्रण करताना रेकॉर्डर बॅटरीवर होता. बॅटरी उतरत गेली, मोटर मंदावली, टेप हळू सरकली. आज ती सारख्या वेगाने वाजवली की शेवटाकडे सूर चढत जातो. दर पाच मिनिटांनी तानपुऱ्याचा सा मोजून तक्ता करा आणि ऑडॅसिटीत 'टाइम ट्रॅक' लावून त्या जागांवर वेग हळूहळू उतरवत न्या. 'स्लायडिंग स्ट्रेच' वापरू नका. त्यात लांबी आणि सूर वेगवेगळे ताणले जातात आणि तानपुऱ्यावर पाण्यासारखे डाग पडतात. याच कारणासाठी 'चेंज पिच' ही नको, कायम 'चेंज स्पीड अँड पिच'. टेपची चूक वेगाची आहे. वेग दुरुस्त केला की सूर आणि लय एकदमच जागेवर येतात.

प्रतींच्या कॅसेटवर घरघरीच्या दोन रेषा दिसतील, समजा ४९ आणि ५१.५ ला. एक मैफिलीची, दुसरी प्रत करणाऱ्या यंत्राची. तिसरी दिसली तर ती प्रतीची प्रत. तीच मैफील कमी रेषा असलेल्या दुसऱ्या कॅसेटवर मिळते का ते पाहा.

---

अतिद्रुत

पट्टीचं पटलं. पण हिस एवढा असताना कोण ऐकणार? सुरुवातीचा तानपुऱ्याचा तुकडा निवडून 'नॉइज प्रोफाइल' (गोंगाटाचा नमुना) घ्या आणि १८ डेसिबल काढून टाका, एकदम स्वच्छ होतं. नंतर वरचे स्वरांश थोडे उचला.

---

जवारी

@अतिद्रुत, तानपुऱ्याचा तुकडा प्रोफाइलसाठी मुळीच घेऊ नका. संगणकाला 'हा गोंगाट आहे' असं सांगून तुम्ही तानपुराच त्याच्या हाती देता. तो अखंड वाजत असतो, म्हणून पुढे जिथे जिथे गळा सा आणि प वर टेकतो तिथेही तेच स्वरांश कापले जातात. आवाज पोकळ होतो, आणि जवारीचा झंकार, जो साधारण २ ते ६ किलोहर्ट्झमध्ये पसरलेला असतो, तो तुटक तुटक ऐकू येतो.

प्रोफाइल घ्यायचा तर माइक चालू आहे पण कुणी वाजवत नाही अशा जागेचा. पडदा उघडण्याआधीचे दोन-तीन सेकंदही पुरतात. कोऱ्या टेपचा हिस घेऊ नका, तो वेगळा असतो. काढायचा तो ६ डेसिबलपर्यंतच. 'रेसिड्यू' ऐकून पाहा: काढून टाकलेल्या भागात गाणं ओळखू येत असेल तर जास्त काढलंय.

आणि हे सगळं प्रतीवर. मूळ वेव्ह फाइलला हात लावायचा नाही. दहा वर्षांनी आणखी चांगली साधनं येतील, तेव्हा याच फाइलवरून पुन्हा सुरुवात करता यायला हवी.

बाजू उलटताना विलंबितात जो खंड पडतो तोही बेमालूम जोडू नका. मधली आवर्तनं गेलेली असतात. जोड लपवला तर ऐकणाऱ्याला वाटेल की गायकाने मात्रा खाल्ल्या. आवाज हळू उतरवा, दोन सेकंद शांतता ठेवा, पुढचा भाग सुरू करा.

---

साडेतीन मिनिटं

७८ च्या तबकड्यांसाठी थोडं.

त्या लाखेच्या आहेत. स्पिरिट, आयसोप्रोपिल, एलपीसाठी मिळणारे अल्कोहोलयुक्त द्रव, यांतलं काहीही लागलं की लाख विरघळते आणि चकाकी कायमची जाते. डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब टाका, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने फिरवा, लेबल कोरडं ठेवा, लगेच साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून टिपून घ्या.

सुई ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हवी. एलपीची सुई १ मिल किंवा त्याहून बारीक असते; ती ७८ च्या रुंद खाचेच्या तळाशी बसते, जिथे सगळा कचरा आणि जुन्या पोलादी सुयांनी केलेली झीज आहे. भार ३ ते ५ ग्रॅम. घरातल्या चावीच्या ग्रामोफोनवर या तबकड्या वाजवू नका, तिथे साउंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमच्या वर असतो आणि दर खेपेला खाच खरवडली जाते. स्टिरिओ कार्ट्रिज असेल तर दोन्ही चॅनेल मोनो करा. सुईच्या उभ्या हालचालीतून येणारी बरीच खरखर त्यातच कटते.

आजच्या फोनो प्रीअ‍ॅम्पमध्ये आरआयएए वक्र (वरचे-खालचे स्वर ठराविक प्रमाणात कमी-जास्त करणारी आखणी) असतो. तो १९५० च्या दशकातला आहे. १० किलोहर्ट्झला तो पावणेचौदा डेसिबल कापतो, आणि जुन्या तबकड्यांवर वरचे स्वरांश तसे उचललेलेच नव्हते. म्हणून आवाज डब्यातल्यासारखा येतो. सपाट (कसलाही वक्र न लावणारा) प्रीअ‍ॅम्प वापरा किंवा नंतर संगणकात तो वक्र उलटा लावा. १९२५ च्या आधीच्या, भोंग्यात गाऊन केलेल्या मुद्रणांना तर कसलाच वक्र नाही.

वेगाबद्दल: '७८' हे नाव आहे, हमी नाही. सुरुवातीच्या काळात ७० पासून ८२ पर्यंत काहीही सापडतं. तबकडीच्या दोन्ही बाजू एकाच बैठकीतल्या असतील तर दोन्हींचा सा आणि पेटीचा सूर एकच यायला हवा, ही पहिली कसोटी. एकाच बाजूवर सूर सरकत जाण्याचीही उदाहरणं आहेत, म्हणून सुरुवात आणि शेवट दोन्ही मोजा. १० इंची तबकडीला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळायची, त्यामुळे द्रुत मुळातच घाईत गायलेलं असू शकतं. नुसत्या लयीवरून वेग ठरवू नका.

तडा गेलेली तबकडी सुई उडवत असेल तर ४५ वर वाजवा आणि संगणकात वेग १.७३३ पट करा. मात्र सपाट प्रीअ‍ॅम्पनेच, नाहीतर वक्र चुकीच्या जागी लागतो.

लेबल आणि शेवटच्या खाचेच्या मधे कोरलेला मॅट्रिक्स (मूळ साच्याचा) क्रमांक तिरप्या उजेडात वाचून उतरवा. लेबलवरचा क्रमांक पुनर्मुद्रणात बदलतो, मॅट्रिक्स तीच राहते.

---

मंद्रसप्तक

सर्वांचे मनापासून आभार. एका कॅसेटवर अ‍ॅझिमथ फिरवून पाहिला, फरक थक्क करणारा आहे.

दोन प्रश्न उरले. बऱ्याच कॅसेटवर तारीख नाही, ती कशी शोधावी? आणि हे यूट्यूबवर टाकता येईल का?

---

समेवर

तारखेसाठी आधी टाळ्यांच्या मागचं ऐका. निवेदक पुढच्या कलाकाराचं नाव सांगतो, साथीदारांची ओळख करून देतो. गायक, तबला आणि पेटी ही तिघांची जोडी कळली की छापील कार्यक्रमपत्रिकांशी आणि सवाई असेल तर त्या डिसेंबरातल्या वृत्तपत्रांशी ताडून पाहता येतं. सवाईच्या कॅसेटमध्ये रागाची वेळही सांगते. तेव्हा महोत्सव रात्रभर चालायचा, त्यामुळे ललत किंवा तोडी असेल तर तो सत्राचा शेवटचा भाग समजा. कॅसेटच्या शेवटी एकदम जुन्या तबकडीचा खरखरीत आवाज आणि भैरवी आली तर ती महोत्सवाच्या अखेरच्या दिवसाची असण्याची दाट शक्यता, कारण समारोपाला सवाई गंधर्वांची भैरवीची ध्वनिमुद्रिका लावायची प्रथा आहे. कॅसेटच्या कंपनीवरून आणि छापावरून फक्त 'याच्या आधीची नाही' एवढंच ठरतं. नंतरची प्रत असू शकते.

नोंदीत खात्रीचं आणि अंदाजाचं वेगळं लिहा. 'लेबलवर असं आहे', 'निवेदनात ऐकू येतं', 'आवाजावरून वाटतं', हे तीन रकाने ठेवा. वेग किती टक्के बदलला आणि कशाच्या आधारे, हेही तिथेच.

यूट्यूबचं: प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्या कायद्यात प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, १९६४ साली निघालेली तबकडी २०२५ च्या सुरुवातीला मोकळी झाली. पण नाट्यपदाचे शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षं. मैफिलीच्या खासगी मुद्रणांत कलाकाराचा हक्क येतो, तो ५० वर्षांचा. तुमच्या बहुतेक कॅसेट त्या मुदतीत बसतात, म्हणून कलाकाराची किंवा घरच्यांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय टाकू नका. परवानगी मागताना दुरुस्त केलेली प्रत सोबत द्या. अनेक घरांत स्वतःच्या माणसाची ती मैफील नसते.

फाइल फ्लॅकमध्ये बदलल्या तर जागा जवळपास निम्मी लागते आणि आवाजात काही गमावलं जात नाही. दोन वेगळ्या हार्ड डिस्क, त्यातली एक दुसऱ्या घरी. आणि मूळ कॅसेट फेकू नका; पूर्ण मागे फिरवून, उभ्या, कपाटाच्या कोरड्या कप्प्यात, स्पीकरपासून लांब ठेवा.

---

षड्जपंचम

एक राहिलं. जुनी मोनो कॅसेट स्टिरिओ डेकवर दोन चॅनेलमध्ये येते. कडेला चुरगळलेली असेल तर एक चॅनेल मधूनच गायब होतो. तेव्हा दोन्ही मिसळू नका, प्रत्येक भागासाठी जो चांगला तोच घ्या. मूळ फाइलमध्ये मात्र दोन्ही ठेवा.